मदत हवी आहे: हॉर्सपॉवर वाढली, मग चोर्ला घाटात गाडी का दमते?

नमस्कार मंडळी,

डिचोलीत राहतो. बायकोचं माहेर बेळगाव, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाट ठरलेला. नऊ वर्षं १३०० सीसीची डिझेल हॅचबॅक चालवली. ती विकून गेल्या वर्षी तेवढ्याच आकाराची १२०० सीसीची पेट्रोल घेतली. कागदावर जुनी ७५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), नवी ८३. शोरूममधला पोरगा छातीठोकपणे म्हणाला होता, "काका, आठ घोडे जास्त आहेत, घाटात फरक कळेल."

कळला. चवथीनंतर निघालो. पाच माणसं, डिकीत सासूबाईंसाठी नारळांचं पोतं, एसी चालू. केरी सोडलं, अंजुण्याचं धरण खाली दिसायला लागलं आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये थरथरायला लागली. पाय पूर्ण दाबला तरी वेगाचा काटा खालीच. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. जुनी याच वळणांवर तिसऱ्यात गुमान चढायची.

मेकॅनिकने प्लग, एअर फिल्टर, क्लच सगळं पाहिलं. गाडी ठणठणीत आहे म्हणतो. जुनीचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता, नवीचा ११३ आहे, एवढं मला सापडलं. पण मग घोडे जास्त असण्याला अर्थ काय? सूत्रं वाचून झाली, डोक्यात शिरत नाहीत. कुणीतरी साध्या भाषेत सांगा.

घाटावरचा:
सोपं आहे. टॉर्क म्हणजे पिकअप, हॉर्सपॉवर म्हणजे टॉप स्पीड. डिझेल विकलीत तिथेच चुकलात.

पाना नंबर १३:
घाटावरच्या भाऊंचं वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण त्यानेच घोळ होतो.

चाकाचा नट अडकला की आपण पान्याला पाइप लावतो ना? एक मीटरचा पाइप आडवा धरा, टोकाला साडेअकरा किलोची पिशवी टांगा. नटाला बसणारा पीळ म्हणजे तुमच्या नवीचे ११३ न्यूटन-मीटर. जुनीसाठी एकोणीस किलोंच्या वर टांगावे लागतील. नट तसूभरही हलला नाही तरी पीळ, म्हणजेच टॉर्क, आहेच. टॉर्कला वेळेशी देणंघेणं नाही.

हॉर्सपॉवरला आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं की १ पीएस. आता विहिरीवर या. १५ लिटर पाणी ५ मीटर खोलीवरून १० सेकंदांत ओढलंत तर तुम्ही एक दशांश घोडा झालात. तेच २० सेकंदांत ओढलंत तर हाताला ओझं तेवढंच, पॉवर मात्र निम्मी. म्हणजे पीळ किती आणि तो किती वेगाने फिरतोय, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात. त्याला १.३६ ने गुणलं की पीएस.

आता खरी मेख. तुमचे ८३ घोडे ६००० आरपीएमला आहेत. घाटात ६००० वर कोण चालवतं? नऊ वर्षं डिझेलवर घालवल्यामुळे तुमचा पाय २००० वर बसलाय. जुन्या डिझेलचा १९० हा टॉर्क २००० लाच मिळत असणार, टर्बोमुळे (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा). गणित करा, ५४ पीएस. नवी २००० ला फार तर १०० न्यूटन-मीटर देईल, म्हणजे २८ पीएस. तुमच्या सवयीच्या जागी निम्मेच घोडे जागे आहेत, बाकीचे वर झोपलेत.

त्यांना उठवायचं तर दुसरा गिअर टाका आणि ४००० च्या आसपास राहू द्या. तिथे ६० च्या वर पीएस मिळतील. शिवाय खालचा गिअर चाकापर्यंत जाणारा टॉर्क वाढवतो. गिअरबॉक्स टॉर्क वाढवू शकतो, पॉवर नाही. ती इंजिनानेच द्यायला हवी. म्हणून गाडी घेताना नुसता मोठा आकडा बघू नका, तो किती आरपीएमला मिळतो ते बघा. ब्रोशरमध्ये शेजारीच छापलेलं असतं, फक्त शोरूममध्ये कुणी वाचून दाखवत नाही.

नारळपाणी:
पण दुसऱ्यात ४००० म्हणजे पेट्रोल पाण्यासारखं जाणार की. इंजिनही लवकर जाईल ना?

पाना नंबर १३:
चढण काही किलोमीटरांची, त्याने कुणाचं दिवाळं निघत नाही. पेट्रोल इंजिनाला ४००० म्हणजे रोजचं काम. उलट तिसऱ्यात थरथरत असताना पाय दाबून धरणं हा त्याचा छळ आहे. उतरतानाही दुसराच ठेवा, ब्रेकचा वास येणार नाही.

धागाकर्ता:
मंडळी, काल जाऊन आलो. खरं सांगतो, आरपीएमच्या काट्याकडे मी इतक्या वर्षांत बघितलंच नव्हतं. केरीच्या पुढे पहिल्या वळणाआधीच दुसरा टाकला, काटा ४००० च्या जवळपास ठेवला आणि गाडी चढली की हो. आवाज बराच आहे. आईने मागून दोनदा विचारलं, "गाडी इतली बोब कित्याक मारता?" आणि टेम्पोवाला या वेळी मागेच राहिला.