मेल डिलीट करायची सोयच काढून घेतली तर?

जुना_खांब
नोकरी सोडून जाणाऱ्या एका गड्याने शेवटच्या संध्याकाळी ऑफिसचा अख्खा मेलबॉक्स धुऊन काढला. बॅकअप रात्री २ वाजता होतो. म्हणजे मागची दोन वर्षं परत मिळाली, पण त्याच दिवशी आलेले आणि त्याच दिवशी उडवलेले मेल कुठेच नाहीत. आणि वाद नेमका त्याच मेलांवरून! आता मी आमच्या सर्व्हरवाल्याला सांगणार आहे, डिलीटचा अधिकार सगळ्यांचाच काढ. ऑफिसचा मेल ऑफिसच्या मालकीचा. कोणाची हरकत?

तारवाला
माझी आहे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याची म्हणून आहे. आयमॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरवरचा मेल वाचायच्या पद्धतीत, डिलीट दोन टप्प्यांत होतं. आधी मेलवर 'डिलीटेड' अशी खूण, मग एक्स्पंज, तेव्हा तो खरा जातो. २००५ च्या आरएफसी ४३१४ या इंटरनेटच्या नियमपत्रात दोन्हींचे अधिकार वेगळे दिलेत, 'टी' आणि 'ई'. डव्हकॉट या मेल सर्व्हरमध्ये ते काढणं पाच मिनिटांचं काम. त्रास नंतर सुरू होतो. मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणं म्हणजे तिकडे कॉपी आणि इकडे डिलीट. तेही बंद पडणार. ड्राफ्टचं तर विचारू नका. लिहिता लिहिता प्रोग्राम दर थोड्या वेळाने नवी प्रत ठेवतो, जुनी काढतो. ती काढता आली नाही की एका पत्राचे चाळीस अर्धवट अवतार फोल्डरमध्ये. दुसऱ्या दिवशी फोन मलाच येणार.

जुना_खांब
मग ड्राफ्ट मोकळे ठेवा, इनबॉक्स आणि सेंट बंद करा. अधिकार फोल्डरनिहाय देता येतात ना?

तारवाला
येतात. पण खांबराव, सेंटमध्ये प्रत बहुतेक वेळा ज्याचा त्याचा मेल प्रोग्रामच ठेवतो. ज्याला लपवायचंय तो 'पाठवलेल्याची प्रत ठेवा' ही टिकच काढेल. जी प्रत आलीच नाही तिला कुलूप कसलं लावणार?

कोपऱ्यातली
तांत्रिक बाजू राहू द्या बाजूला. माणूस म्हणून विचारते. कोणीतरी चुकून मला स्वतःच्या तब्येतीचे रिपोर्ट पाठवले, 'प्लीज डिलीट कर' म्हणाले, तर मी काय उत्तर द्यायचं? युरोपात जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने माहिती पुसून घ्यायचा हक्क दिलाय, त्याला अपवाद आहेत हे मान्य. पण इथे एका गड्याच्या रागापायी सगळ्यांना शिक्षा. शिवाय स्पॅमही जन्मभर सांभाळायचा?

हिशेबी
कोपऱ्यातली, असहमत. करार, बिलं, तक्रारी यांचा पत्रव्यवहार कंपनीचं दप्तर आहे. कागदाची फाइल कोणी घरी जाताना फाडली तर आपण 'त्याचा हक्क' म्हणतो का? मेलला वेगळा न्याय का?

तारवाला
दोघांचंही भागेल असा रस्ता आहे. बटण चालू ठेवा, प्रत दारातच काढा. पोस्टफिक्स या मेलची ने-आण करणाऱ्या प्रोग्राममध्ये 'ऑलवेज बीसीसी' (दर वेळी गुपचूप प्रत) एवढी एक ओळ घातली की त्या सर्व्हरमधून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत वेगळ्या पेटीत पडते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये यालाच जर्नलिंग म्हणतात. नाहीतर डव्हकॉटचं 'लेझी एक्स्पंज' लावा. माणसाला वाटतं मेल गेला, तो असतो वेगळ्या फोल्डरमध्ये, ठरवलेल्या मुदतीपर्यंत. तो फोल्डर मात्र त्याला दिसता कामा नये, नाहीतर तोही धुऊन निघेल. आणि पेटी फुगते, डिस्कचा हिशोब आधी करा.

कोपऱ्यातली
'माणसाला वाटतं गेला' हेच मला खुपतं. प्रत राहते हे रुजू होण्याच्या कागदातच लिहा.

जुना_खांब
लिहितो, त्यात काय. बीसीसीचं पटलं, अधिकार काढत नाही. पण तारवाले, त्या पेटीचा पासवर्ड कोणाकडे ठेवायचा? तुमच्याकडेच ना?

तारवाला
एकट्या माझ्याकडे अजिबात नको. त्यात तुमचेही मेल येणार आहेत.