'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन'ला भरपाई म्हणावं का?

विचारणा

कॅमेरा नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र किती उघडं), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) हे शब्द तसेच ठेवले, कारण सगळे तेच बोलतात. अडलं ते अधिक-उणे चिन्हाच्या बटणापाशी, ज्याने कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करता येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनला मी 'प्रकाशभरपाई' लिहिलं. टिपण वाचून एकीने लगेच विचारलं, "म्हणजे अंधार असला की वाढवायचं ना?" तिची काही चूक नाही, शब्दानेच तिला तिकडे नेलं. 'उद्भासन प्रतिपूर्ती' लिहिलं तर कोणी पुढची ओळ वाचणार नाही. दुसरा शब्द सुचतो का? आणि क्रियापद कोणतं, भरपाई करणे, देणे की लावणे?

उत्तर

भरपाई नकोच. भरपाई म्हटलं की आधी तूट आली, नुकसान आलं. अंधार ही इथे तूट नाहीच. उजेड कमी झाला की ऑटोवरचा कॅमेरा आपणहून शटर लांबवतो, अ‍ॅपर्चर उघडतो किंवा आयएसओ चढवतो. त्यासाठी आपण बोट हलवायचं कारण नाही. हे बटण मीटरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या भागाच्या, एका ठाम समजुतीसाठी आहे.

मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तिथून किती उजेड परत येतोय एवढंच कळतं. म्हणून तो धरून चालतो की समोरचं सगळं सरासरीने मधल्या राखाडी रंगाचं आहे, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं. बहुतेक वेळा हे जमून जातं. बर्फ समोर आला की मात्र मीटरला वाटतं, 'राखाडी आहे, पण उजेड भलताच आहे', आणि तो हात आखडता घेतो. बर्फ मळकट येतो. काळं मांजर समोर आलं की त्याला वाटतं उजेडच कमी आहे, तो वाढवतो, आणि मांजर धुरकट येतं.

टिपणात हा प्रयोग घालाच. खिडकीशी एक पांढरा कागद आणि एक काळं कापड ठेवा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ पक्का, बटण शून्यावर. आधी चौकटभर कागद घ्या, मग चौकटभर कापड. दोन्ही फोटो शेजारी लावले तर कागद कुठला आणि कापड कुठलं हे विणीवरून ओळखावं लागतं, इतके दोन्ही राखाडी येतात. आता कागदाला अधिक दीड स्टॉप द्या, कापडाला उणे दीड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कागद पांढरा होतो, कापड काळं होतं. खिडकीतला उजेड तोच होता.

म्हणजे नियम ऐकायला उलटा वाटतो: पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. 'भरपाई' शब्द डोक्यात असलेला माणूस नेमकं याच्या विरुद्ध करतो. बर्फावर "आधीच उजेड फार आहे" म्हणून तो उणे करतो आणि फोटो आणखी काळवंडतो.

आता शब्दाकडे. कॉम्पेन्सेशनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'कॉम्पेन्सारे' आहे, एक वस्तू दुसरीसमोर तोलणे. तराजू तिथेच आहे. आणि तराजूसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: पासंग. रिकामा तराजू एका बाजूला झुकत असेल तर हलक्या पारड्याला जे वजन बांधतात ते. फारसीतून आलाय, त्यातला 'संग' म्हणजे दगड. पासंग मालाची तूट भरून काढत नाही, तराजूचा कल काढतो. या बटणाचं काम तेच आहे. मीटर हा तराजू, समोरचा उजेड हा माल, आणि आपण लावतो तो पासंग. क्रियापदही त्यातच येतं: पासंग लावणे, पासंग काढणे.

आक्षेप

शब्द सुंदर आहे, पण दोन अडचणी आहेत. एक, तराजूचा दोष कायमचा असतो, पासंग एकदा बांधला की बांधला. इथे तर दर फोटोला आकडा बदलतो. दुसरी, आज 'पासंग' लोकांना माहीत आहे तो 'पासंगालाही पुरणार नाही' एवढ्यापुरता. त्यांना तराजू दिसत नाही, तुच्छता दिसते. नवशिक्याला आधी पासंग समजावायचा आणि मग बटण, हे दुप्पट काम.

मी लग्नसमारंभांचं काम करतो. आम्ही जोडीदाराला "एक स्टॉप चढव", "थोडं उतरव" एवढंच म्हणतो. चढवणे-उतरवणे चांगले चालतात, मराठी आहेत, आणि दिशा चुकत नाही.

आणखी एक मत

'कल' शब्द तुमच्या हातून वर सहज लिहून गेलाय, तोच घ्या की. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा जी माहिती नोंदवतो त्या एक्झिफमध्ये या गोष्टीचं नाव कॉम्पेन्सेशन नाहीच, 'एक्स्पोजर बायस व्हॅल्यू' आहे. बायस म्हणजे कलच. "या फोटोला अधिक एकचा कल दिलाय" हे कानाला खटकत नाही.

जर्मनमध्ये 'बेलिख्टुंग्सकोरेक्टूर' म्हणतात, म्हणजे एक्स्पोजरची दुरुस्ती. जपानीत 'रोशुत्सु होसेई', तिथेही भर दुरुस्तीवरच. तोटा-नुकसान या दोन्हींत नाही. फोनवर बोट टेकवलं की सूर्याचं चिन्ह येतं आणि ते वर-खाली सरकवता येतं. तेही हेच बटण. पण त्या सूर्यामुळे लोकांना वाटतं आपण उजेड कमी-जास्त करतोय. चित्रही भरपाईसारखंच फसवं.

उत्तर

'दुरुस्ती' मला नको वाटते. मराठीत दुरुस्ती बिघडल्यावर होते. फोटो काढून झाल्यावर संगणकावर करायचं काम असा तिचा अर्थ लागेल, आणि हे बटण तर फोटो निघण्याआधीचं आहे. पांढऱ्यातली जळून गेलेली, म्हणजे तपशील न उरलेली, जागा नंतर परत आणता येत नाही, म्हणून हा फरक शब्दातही राहायला हवा.

'कल' मात्र पटला. अडचण एकच: तराजूचा दोष हाही कल आणि त्यावर आपण दिलेला उतारा हाही कल. पण बोलताना संदर्भाने निभावतं.

पासंग एकदा बांधला की बांधला, हे खरं आहे. पण इथे तराजू प्रत्येक मालाला वेगळा झुकतो, म्हणून पासंग दरवेळी बदलतो, इतकंच. आणि तो काढून ठेवावा लागतो, हे तर या उपमेने फार चांगलं लक्षात राहतं. एका नाटकाच्या प्रयोगाला मी उणे एक आणि दोन-तृतीयांश लावला होता. काळा पडदा, मधोमध एक उजळलेला चेहरा. मीटर पडद्याकडे बघून उजेड वाढवत होता आणि चेहरा जळत होता, म्हणून उणे. फोटो उत्तम आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत मुलांचे दीडशे फोटो काढले, पासंग तसाच. सगळे अंधारलेले. उजळवले तर सावल्यांत दाणे उठले. अनेक कॅमेऱ्यांत बंद-चालू केल्याने हा आकडा शून्यावर येत नाही, हे टिपणात ठळक लिहा.

मॅन्युअल मोडबद्दलही (जिथे शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही आपण ठरवतो) लिहा, तिथे हमखास गोंधळ होतो. आयएसओ पक्का असेल तर तराजू आपल्याच हातात असतो, मग पासंग कशाला लावायचा? बटण फिरवलं तरी फार तर मीटरचा काटा सरकतो, फोटो तोच येतो. आयएसओ ऑटोवर असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत पासंग आयएसओला लागतो. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत तो शटरला लागतो: १/१२५ वर अधिक एक दिला की १/६०, उणे एक दिला की १/२५०. शटर प्रायॉरिटीत, जिथे शटर आपण ठरवतो, अ‍ॅपर्चरला.

विचारणा करणारीकडून

काल कागद-कापडाचा प्रयोग केला. दोन राखाडी चौकोन बघून दचकलेच. मग तीच मैत्रीण आली, तिला काही न समजावता कॅमेरा दिला आणि एवढंच सांगितलं, "मीटर सगळ्याला राखाडी समजतो." तिने कागदाला आपणहून अधिक केलं.

आता टिपणात असं लिहिलंय: मथळ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, कारण कॅमेऱ्याच्या मेन्यूत तेच शोधावं लागणार. समजावताना पासंग, तराजूच्या एका रेखाचित्रासह. कृतीच्या वाक्यांत चढवणे आणि उतरवणे. एक टिचकी म्हणजे एक-तृतीयांश स्टॉप, उजेड सुमारे सव्वापट. तीन टिचक्या चढवल्या की दुप्पट, तीन उतरवल्या की निम्मा. 'टिचकी' चालेल ना? चाक फिरवताना तसाच आवाज येतो.

उत्तर

चालेल. फक्त काही कॅमेऱ्यांत अर्ध्या स्टॉपची टिचकी लावून ठेवता येते, तिथे दोन टिचक्यांत दुप्पट होईल. एवढी ओळ जोडा.