छोट्या राज्याच्या विद्यापीठाने किती विषयांत संशोधन करावे?

पाटीपेन्सिल:

माझा एक जुना विद्यार्थी, जो आता सागरविज्ञानात काम करतो, परवा घरी आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, की जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या आपल्या गोवा राज्यातील विद्यापीठाने समुद्र आणि जैवविविधता हे दोनच विषय घट्ट धरावेत आणि इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, कला यांतील संशोधन मुंबई-पुण्यावर सोपवावे. चहा संपेपर्यंत मला त्याला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे मांडतो.

मुंबईवर सोपवण्याचा प्रयोग आपण एकदा केलेला आहे. १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू होण्यापूर्वी पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते आणि मान्यता तिथूनच येत असे. मात्र माझा खरा मुद्दा तो नाही, खाजन जमिनींचा आहे.

भरतीच्या पातळीखाली असलेल्या, बांध घालून खाडीपासून सोडवून घेतलेल्या या जमिनी गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर असल्याचे मानले जाते. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. पावसाने मातीतला खार धुऊन नेला की कोरगूट, आसगो यांसारखी खारेपणा सोसणारी भाते उभी राहतात, आणि मानशीच्या तोंडाशी मासळीही मिळते. आज ठिकठिकाणी हे बांध फुटून शेतांत खारे पाणी कायमचे बसले आहे. ते का फुटले, याचे पूर्ण उत्तर कुठल्याही एका खात्यात मिळत नाही. मृदाशास्त्रज्ञ क्षार मोजून देईल, अभियंता बांधाची झीज सांगेल, परंतु बांधाची राखण कोणाकडे होती आणि ती कधी सुटली, हे १५२६ साली अफोंसो मेशियाच्या फोरालमध्ये (पोर्तुगीज सनदेत) नोंदल्या गेलेल्या गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमीन-कारभाराच्या, रिवाजांपासून १९७६ सालच्या कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीपर्यंतच्या कागदांतच शोधावे लागते. त्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली, आणि ते न्यायाचेच झाले असे मी मानतो. पण बांधाची सामायिक जबाबदारी कोमुनिदादींकडून (गावकरीचेच हे पोर्तुगीज नाव) कूळ संघांकडे जाताना अनेक गावांत मध्येच गळून पडली. यांतले जुने कागद काही पोर्तुगीजमध्ये आहेत, काही मोडीत, तर काही गोंयकानडी या गोव्यातल्या जुन्या लिपीत. गोंयकानडी वाचणारी माणसे आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. सागरविज्ञान आणि जैवविविधता एवढीच खाती ठेवली, तर पुढची माणसे कुठे तयार होणार?

क्षारमापक:

सरांचा मान राखून असहमती नोंदवतो. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझे टोपणनाव ज्या उपकरणावरून घेतले आहे, ते दुरुस्त करून आणायला मला सात महिने लागले होते, हे आधीच सांगितलेले बरे.

दोन-तीन शिक्षकांच्या खात्यात संशोधन होत नाही, संशोधनाचा देखावा होतो. याउलट पणजीजवळच्या दोनापावलाकडे पाहा. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथे आहे आणि तिने आपले बळ एका समुद्रावर एकवटले. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात प्राणवायू जवळजवळ संपतो आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीला हातभार लावणारा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. असे निष्कर्ष वर्षानुवर्षे त्याच पाण्यात जहाजे नेऊन, तेच नमुने पुन्हा पुन्हा मोजून हाती येतात. तोच पैसा दहा खात्यांत वाटला असता, तर दहा परिसंवाद झाले असते.

खाजनाचे उदाहरण सोयीने निवडले आहे, असेही मला वाटते. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने क्षार सोसणारी ‘गोवा धान’ वाणे शेतकऱ्याच्या हाती दिली, तेव्हा मेशियाचा फोराल कोणी उघडला नव्हता. आणि मानव्यशाखांतले किती प्रबंध सर म्हणतात तसे असतात? एका प्रबंधाच्या छाननीला मी बाहेरचा सदस्य म्हणून बसलो होतो. तीनशे पानांत आधीच्या आढाव्यांचा आढावा होता आणि एकही नवा कागद उघडलेला नव्हता. याला विविधता म्हणायचे असेल, तर ती मला महाग वाटते.

कोरगूट:

मी संशोधक नाही. तिसवाडीत आमचे खाजन आहे आणि मी नोकरी सांभाळून ते करतो. ‘गोवा धान’चा उल्लेख झाला म्हणून लिहितो: पहिली दोन वाणे कोरगुटातूनच निवड करून काढली आहेत. संस्थेचे श्रम मी नाकारत नाही, पण निवडायला बियाणे शिल्लक होते, ते कोणीतरी न कंटाळता पिढ्यान् पिढ्या पेरत आले म्हणून. ते कोणत्या गावांत टिकले, कोणत्या गावांत बुडाले आणि का, हा प्रश्न क्षारमापकाने सुटणारा नाही.

पण सरांचेही पूर्ण पटत नाही. सगळा दोष १९७६ च्या दुरुस्तीवर टाकला की हिशेब फार लवकर मिटतो. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध खाल्ले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. घरातली तरणी मुले बोटीवर गेली, काही परदेशात गेली. चिखल उचलायला माणूस मिळेनासा झाला. त्याखेरीज एक गोष्ट कागदावर येतच नाही. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला मासळी हवी असते, म्हणून दारे कधी उघडी राहावीत हे भातापेक्षा मासळीच्या सोयीने ठरू लागते, आणि खारे पाणी नको तेव्हा, नको तितके आत येते. रात्री मानशीवर जाऊन बसणारा, लिलाव घेणाऱ्याशीही बोलणारा आणि आमच्याशीही बोलणारा अभ्यासक मी अजून पाहिलेला नाही. त्याचे खाते कोणते, ते तुम्ही ठरवा.

शिंपखिडकी:

आतापर्यंतच्या चर्चेत सर आणि क्षारमापक एका बाबतीत एकमताचे आहेत, आणि तिथेच माझा विरोध आहे. संशोधन म्हणजे शेवटी लिहिलेला कागद, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

मी डिझाइन शिकले आणि तेच शिकवते. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, चौकोनी कापलेले तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असत. त्यांतून येणारा उजेड डोळ्यांना टोचत नाही. हे शिंपले आजही चिखलीच्या उपसागरात आढळतात, पण त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा दुरुस्तीसाठी ते काढून आणण्याचा प्रश्नच येत नाही. मग खिडकी मोडली की काय करायचे? दोन वर्षे मी पाडलेल्या घरांतले जुने शिंपले गोळा केले, निरनिराळ्या पर्यायी द्रव्यांच्या चौकटी एका वृद्ध सुताराकडून बनवून घेतल्या आणि भर दुपारी, पावसात, दिव्याच्या उजेडात त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. कोणत्या पट्टीला किती खाच ठेवली असता लाकूड फुगूनही शिंपला तडकत नाही, हे त्या सुताराच्या हाताला माहीत होते. कोणत्याही पुस्तकात मला ते सापडले नाही.

हे काम पीएच.डी.साठी नोंदवायला गेले तेव्हा विज्ञानाकडच्यांनी गृहीतक विचारले आणि मानव्यशाखेकडच्यांनी संदर्भसूची. सादरीकरणाच्या दिवशी चौकटी बाहेरच्या व्हरांड्यात ठेवायला सांगितल्या, कारण सभागृहात पडद्यावर चित्रे दिसणारच होती. शिंपल्यातून येणारा उजेड पडद्यावरच्या चित्रात दिसत नाही, हे सांगूनही उपयोग झाला नाही. विषयांची यादी कितीही लांबवली, तरी ज्ञान ओळखायचा साचा एकच राहिला तर त्या यादीला काय अर्थ आहे?

जमाखर्च:

प्रत्येकाला आपापला वेगळा साचा हवा असेल, तर पैसे देणाऱ्याने काय पाहून द्यायचे? राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठाच्या गुणांपैकी ३० टक्के संशोधनाला आहेत आणि ते मुख्यतः शोधनिबंधांची व उद्धरणांची मोजणी करून मिळतात. ही मोजणी खडबडीत आहे, मान्य. पण तिच्याजागी ‘आमच्या विषयाचे मोजमाप होऊच शकत नाही’ हे उत्तर करदात्याने का स्वीकारावे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्तीही काढून टाकली. एकेक दोर असा सोडत गेल्यावर हाती काय राहते?

पाटीपेन्सिल:

जमाखर्च यांच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ती सक्ती असताना पैसे भरून निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले होते, हे विद्यापीठाच्या आवारात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो दोर सुटला, याचे मला दुःख नाही.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो जमाखर्च समजतात त्याच्या उलट बाजूने झुकलेला आहे. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान’ हे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे केले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचे ठरले आणि त्यांतला मोठा भाग, सुमारे ३६ हजार कोटी, सरकारबाहेरून यायचा आहे. त्या कायद्यात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे आहेत, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जिथे सांधा जुळतो तेवढ्यापुरती. खासगी देणगीदार गोंयकानडी शिकवायला पैसे देईल, असे मला तरी वाटत नाही. ज्याला दुसरा कोणी दाता नाही, त्याचा भार सार्वजनिक विद्यापीठाने उचलायचा नाही, तर कोणी?

क्षारमापक यांनी दोनापावलाचा दाखला दिला, तो मला मान्य आहे, पण ती प्रयोगशाळा आहे, विद्यापीठ नव्हे. आणि तिथेही काय घडले पाहा. त्याच संस्थेत सागरी पुरातत्त्वाचा विभाग निघाला आणि त्याने गोव्याच्या समुद्रातील सुंची रीफ या खडकापाशी बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी वर आली. पाणबुड्याने ती वर आणली, तरी ती कोणत्या व्यापाराची खूण आहेत हे सांगायला इतिहासच लागला. आपल्याच कोसंबे गावच्या दामोदर कोसंबी या गणितज्ञ-इतिहासकाराने १९४४ साली जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र मांडले, जे आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेली प्राचीन नाणी तराजूत तोलून, हातोहात फिरताना ती किती झिजली यावरून त्यांनी काळाचा अंदाज बांधला. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यांना कोणत्या खात्यात बसवाल?

क्षारमापक:

कोसंबी येणार, हे मला पहिल्या पोस्टपासूनच ठाऊक होते. गोव्यात हा वाद त्यांच्यावाचून पुरा होत नाही. पण सर, ते उदाहरण तुमच्या विरुद्ध जाते. त्यांनी ते सारे अनेक खात्यांच्या विद्यापीठामुळे केले नाही. गणितात पक्के होते म्हणून नाण्यांपर्यंत पोचले. १९६२ नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. एवढ्या विस्ताराच्या माणसाला कोणतीही रचना सांभाळू शकली नाही, तर तुमची दहा अर्धपोटी खाती काय सांभाळणार? एका विषयाची खोली आधी, पसारा नंतर, हे माझे म्हणणे कायम आहे.

शिंपखिडकी यांना एक विचारतो, आणि कुत्सितपणे विचारत नाही. ती चौकट पाहून पुढचा माणूस तुमच्या पुढे कसा जाईल? खाचेचे माप, लाकडाची जात, हवेतली आर्द्रता यांची नोंद नसेल, तर ती उत्तम कारागिरी आहे. तिला संशोधन म्हणायला मी कचरतो.

सुंची रीफचा मुद्दा मात्र मान्य करतो. तो मी विसरलो होतो.

शिंपखिडकी:

नोंदी आहेत, मापांसकट आहेत. माझे म्हणणे एवढेच, की नोंद चौकटीसोबत वाचायची असते, चौकटीऐवजी नव्हे. तुम्हीही नमुना पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नसाल. आणि तो सुतार आता काम करत नाही. तुमच्या खोलीच्या हिशेबात त्याचा हात कुठे बसतो, ते मला अजून समजलेले नाही.

क्षारमापक:

हे मला पटले. व्हरांड्यात ठेवायला नको होत्या.

कोरगूट यांच्यासाठी: तुमच्या मानशीवर आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचा खारेपणा सलग मोजायची माझी तयारी आहे, उपकरण सध्या चालते आहे. दारे लिलावाच्या सोयीने उघडी राहतात हे आकड्यांत दिसायचे असेल, तर लिलाव कोणत्या वर्षी कोणाला आणि केवढ्याला गेला, याच्या तारखा लागतील. तशी वही आहे का? यावरून दहा खाती हवीत असे सिद्ध होत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कोरगूट:

वही आहे. अलीकडची मराठीत आहे, मुक्तीपूर्वीची पाने पोर्तुगीजमध्ये आहेत आणि त्यांतली आकडेमोड आमच्या घरात कोणाला लागत नाही. सरांना सोबत आणा. अमावास्येच्या भरतीला या, त्या दिवशी दारे कोण उघडते ते समोरच दिसेल.