मदत हवी आहे: खुकरीच्या फ्रेम डेकच्या रेघेवर बसतच नाहीत

सोलापुरी_जहाज
खुकरी या युद्धनौकेचं मॉडेल करायला घेतलं आहे. कील (तळाचा लांब कणा) कापून झाली, फ्रेम (त्यावरच्या आडव्या बरगड्या) कापून झाल्या. आता कीलच्या खाचांत फ्रेम बसवून बघतोय तर सगळ्या वर येतात. पट्टी ठेवली की डेकची रेघ कुठेच जुळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यातून काढल्यात. लेझरवाल्यानं कापलंय ते फाइलप्रमाणे बरोबर आहे, मी स्वतः मोजलं.

फ्रेम वरून घासून बसवू का कील नव्यानं कापू, एवढंच सांगा. 9 डिसेंबरला शाळेत ठेवायचं कबूल केलंय आणि अजून सांगाडाच उभा नाही. आधी सोपं जहाज करा, असले सल्ले कृपया नकोत.

दर्यावर्दी
कोणती खुकरी? स्केल काय? प्लाय की एमडीएफ? किती वर येतात? आराखडा कुठला? एकाचंही उत्तर धाग्यात नाही. फोटो टाका.

बाळूकाका
प्लाय वाकलंय, दुसरं काही नाही. सोलापूरच्या हवेत पातळ प्लाय सरळ राहतच नाही. आमच्या विजापूर रोडच्या घरात मे महिन्यात दारं आकसतात आणि पावसाळ्यात लागत नाहीत, मग 3 मिमीच्या पट्टीची काय कथा. कील रात्रभर शहाबादी फरशीखाली दाबून ठेवा, दोन्ही बाजूंना सँडिंग सीलर मारा, मग बसवा.

सोलापुरी_जहाज
प्लाय वाकलेलं नाही काका. काचेवर ठेवून पाहिलं, कुठेही उजेड दिसत नाही. 3 मिमीचंच आहे, स्केल 1/96. आणि कोणती खुकरी म्हणजे? 1971 ची. अजून कोणती असते?

दर्यावर्दी
असते. म्हणून तर विचारलं. 1971 ची ती ब्रिटिश टाइप 14, म्हणजे ब्लॅकवूड वर्गातली फ्रिगेट, 1958 मध्ये आपल्या नौदलात आली, क्रमांक एफ 149. दुसरी खुकरी ही माझगाव डॉकनं बांधलेली क्षेपणास्त्रवाहू कॉर्वेट (छोटी युद्धनौका), 1989 ते 2021 सेवेत होती, क्रमांक पी 49, आता दीवला आहे. नुसतं नाव टाकून शोधलं की दोघींचे फोटो आणि मापं एकत्र येतात. कॉर्वेट 91 मीटरची आहे. तुम्ही लांबी किती धरली?

सोलापुरी_जहाज
300 फूट. आराखड्यावर तसंच छापलंय. 1/96 म्हणजे फुटाला पाव इंचाच्या निम्मं, 300 फुटांचे साडेसदतीस इंच, 95.25 सेमी. कील टोकापासून टोकापर्यंत बरोबर तेवढी आहे.

दर्यावर्दी
300 फूट म्हणजे 91.44 मीटर. बघा, कॉर्वेटचं माप शिरलंय. मला वाटलंच होतं.

सोलापुरी_जहाज
नाही हो. आराखड्यात मागे लिंबो या पाणबुडीविरोधी मॉर्टरच्या दोन जागा आहेत, एकच धुराडं आहे, एकच पंखा आहे. कॉर्वेटला हे कुठून येणार? आराखडा ब्लॅकवूडचाच आहे.

थ्रीडी_अमोघ
प्लाय, खाचा, घासणं हा सगळा जुना कारभार झाला. हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, थ्रीडी प्रिंट करून घ्या. चार-पाच तुकड्यांत छापून जोडा, फ्रेमची भानगडच राहत नाही. पुण्यात करून मिळतं, सोलापुरातही कुणीतरी करत असेलच.

बाळूकाका
आणि ते प्लास्टिक सोलापूरच्या उन्हात खिडकीशी ठेवलं की मऊ पडतं, ते कोण सांगणार? लाकडाला तोड नाही.

थ्रीडी_अमोघ
पीएलए प्लास्टिक मऊ पडतं, पीईटीजी प्लास्टिक इतकं लवकर नाही पडत. आत्ता तर तुम्हीच म्हणालात की लाकूड वाकतं.

गुराबवाला
धागाकर्त्यांना मनापासून सांगतो, मराठी मुलांच्या शाळेत ठेवायचं तर कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब करा. दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढचं टोक लांब निघालेलं आणि खाली झुकलेलं, आणि त्या टोकावरून सरळ पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा. सोबत एक गलबत करा, वल्ह्यांचं, चाळीस-पन्नास वल्ही असायची. गलबतं वाऱ्याविना वल्ह्यांवर पुढे काढायची आणि गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला आणायची. तिथे त्याच्या तोफा कमी आणि आपल्या दोन मोठ्या तोफांची तोंडं थेट त्याच्यावर. ही युक्ती मुलांना मॉडेल समोर ठेवून पाच मिनिटांत कळते. 1756 मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, त्यामुळे बघायला मूळ जहाज उरलेलं नाही. म्हणून तर कुणीतरी करायला हवं.

दर्यावर्दी
गुराबेचा वेगळा धागा काढा, मी स्वतः येईन. इथे माणूस अडकलाय.

गुराबवाला
अडकलाय म्हणूनच सांगतोय. गुराबेला 1/96 चे ब्रिटिश आराखडे लागत नाहीत.

दर्यावर्दी
आराखडेच नाहीत, मग कशावरून करणार? तुम्ही सांगितलेलं वर्णन इंग्रजांनी लिहून ठेवलेलं आहे. तुळईची जाडी, डेकची उंची, काहीही मोजमाप नाही. हौशी माणसानं डिसेंबरपर्यंत अंदाजपंचे करायचं का?

जुना_नौसैनिक
खुकरीविषयी चाललंय म्हणून लिहितो. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं तिच्यावर पाणतीर सोडला. हंगोर फ्रेंच बनावटीची, दाफ्ने वर्गातली. खुकरीबरोबर कृपाण होती, तीही ब्लॅकवूडच, तिच्यावरही पाणतीर सोडला होता, ती वाचली. खुकरीवरचे 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत, त्यांना महावीर चक्र मिळालं. हे मॉडेल शाळेत ठेवणार असाल तर खाली पाटीवर 18 आणि 176 हे दोन्ही आकडे लिहा, नुसतं 'अनेक जवान' नको.

सोलापुरी_जहाज
पाटी नक्की तशीच करेन सर. पण आधी सांगाडा उभा राहू दे. फ्रेमचं कुणीच सांगत नाहीये.

रेघोट्या
मी सांगते, पण 'वर येतात' यावरून काही कळत नाही. दोन फ्रेम घ्या, एक पुढची उंच आणि एक मागच्या डेकची बुटकी. प्रत्येक फ्रेमची तळापासून डेकपर्यंतची पूर्ण उंची मोजा. मग कीलवर त्याच जागी तळापासून डेकच्या रेघेपर्यंतची उंची मोजा. चार आकडे इथे लिहा.

तलावप्रेमी
बाहेरून फायबरग्लास कापड आणि रेझिनचे दोन हात द्या, पाणी शिरणार नाही. एकाच पंख्याचं जहाज रिमोटवर वळायला जड जातं, सुकाणू थोडं मोठं ठेवा. कंबर तलावात सकाळी वारा नसतो, पण जलपर्णी अडकते. हिपरग्याला जा.

सोलापुरी_जहाज
पाण्यात सोडायचं नाहीये. काचेच्या पेटीत ठेवायचंय.

रेघोट्या, हे आकडे. पुढची फ्रेम 93 मिमी, कीलवर त्या जागी 90. मागची फ्रेम 62 मिमी, कीलवर 60.

बाळूकाका
पुढे 3 आणि मागे 2. म्हणजे एका बाजूला जास्त. वाकलंय म्हणतो ते हेच.

रेघोट्या
नाही. वाकलं असतं तर फरक कुठेतरी मध्येच फुगला असता. 93 ला 90 आणि 62 ला 60, दोन्ही ठिकाणी प्रमाण एकच आहे: 31 ला 30. उंच फ्रेमला जास्त फरक, बुटक्या फ्रेमला कमी. म्हणजे आकार बरोबर आहे, पण फ्रेम एका स्केलला आणि कील दुसऱ्या स्केलला छापली गेली आहे.

आणि 31 ला 30 म्हणजेच 310 ला 300. ब्लॅकवूडची टोकापासून टोकापर्यंतची लांबी 310 फूट आहे, 94.49 मीटर. 300 फूट ही दोन लंबांमधली लांबी. पुढचा लंब म्हणजे पाण्याची रेघ जहाजाच्या नाकाला जिथे छेदते तिथली उभी रेघ, मागचा लंब साधारण सुकाणूच्या दांड्यावर. या जहाजाचं नाक चांगलंच पुढे झुकलेलं आहे, ते सगळं पुढच्या लंबाच्या बाहेर जातं. मागेही थोडा भाग बाहेर असतो. आराखडा काढणारा लंबांमधलीच लांबी देतो, कारण सगळी स्टेशनं, म्हणजे आडव्या छेदांच्या जागा, त्याच अंतराचे समान भाग पाडून घेतलेली असतात.

तुमच्या आराखड्यात दोन्ही टोकांच्या जरा आत उभ्या तुटक रेघा आहेत का? असतील तर आत्ताच्या कीलच्या फाइलमध्ये त्यांच्यातलं अंतर मोजा. आणि फ्रेमची फाइल किती मोठी करायची हे कशावरून ठरवलंत?

थ्रीडी_अमोघ
झेरॉक्स मशीनही कागद ताणतं. स्कॅन करतानाच फरक पडला असेल.

रेघोट्या
ताणतं, पण बहुधा एकाच दिशेला, आणि नेमकं तीसाला एकतीस ताणत नाही. त्यांचं उत्तर येऊ दे.

सोलापुरी_जहाज
तुटक रेघा आहेत. मी त्या सुकाणूच्या मध्यरेषा समजून सोडल्या होत्या. त्यांच्यातलं अंतर 92.2 सेमी भरतं. फ्रेम मी रुंदीवरून मोठ्या केल्या, 33 फूट धरून, 10.48 सेमी.

रेघोट्या
मग झालंच की. 92.2 च्या जागी 95.25 हवं. तुम्ही 300 फूट टोकापासून टोकापर्यंत धरले, म्हणून कील सगळ्या अंगानं आखडली. पूर्ण कील 98.43 सेमी हवी, तुमची 3.2 सेमीनं कमी आहे. 33 फूट रुंदी बरोबर आहे, म्हणजे फ्रेम बरोबर. फ्रेमला हात लावू नका.

दर्यावर्दी
मान्य. 91.44 आणि 91 इतके जवळ आले म्हणून मला कॉर्वेटच वाटली. पण ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: संदर्भग्रंथात जहाजाची लांबी दिलेली असते तेव्हा ती कुठली, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरू नये. मी गोदावरीचं मॉडेल करताना याच कारणानं लांबी तीन ठिकाणांहून पडताळून घेतली होती.

बाळूकाका
एवढं कशाला? 3 मिमी घासा आणि मोकळे व्हा. शाळेतल्या पोरांना काय कळणार आहे.

रेघोट्या
उंची घासली तर रुंदीही एकतिसाव्या हिश्शानं कमी करावी लागेल, नाहीतर जहाज ढेरपोटं दिसेल. आणि सगळं घासून झाल्यावर ते 1/96 राहणार नाही, 1/99 होईल. बोफोर्स तोफा कुठून आणि कुठल्या स्केलच्या घेताय?

सोलापुरी_जहाज
तीन बोफोर्स विकत आणल्यात, 1/96 च्या. लिंबो स्वतः करतोय, तीन-तीन नळ्यांच्या दोन.

दर्यावर्दी
मग प्रश्नच मिटला. या जहाजावर मोठी तोफ नाहीच, तीन 40 मिमीच्या बोफोर्स एवढंच काय ते. पाणबुड्या शोधायला स्वस्तात बांधलेलं जहाज, सगळी मदार लिंबोवर. बघणाऱ्याची नजर पहिली त्या बोफोर्सवरच जाणार. त्या मोठ्या वाटल्या की सगळं खेळणं दिसतं.

सोलापुरी_जहाज
कीलला मध्ये 3 सेमीचा जोड दिला तर? नवीन प्लाय आणायचं म्हणजे अक्कलकोट रोडला पुन्हा जा, पुन्हा लेझरवाल्याच्या रांगेत थांबा.

रेघोट्या
जोड चालणार नाही. लांबी भरेल पण उंची कमीच राहील आणि फ्रेममधली अंतरंही चुकीची राहतील. एकच कील कापायची आहे, मीटरभर पट्टी. फाइल 103.33 टक्के मोठी करा. पण खाचांची रुंदी नंतर हातानं परत 3 मिमीवर आणा, नाहीतर त्याही मोठ्या होतील आणि फ्रेम डुगडुगतील. कापायला देण्याआधी कागदावर छापून दोन तुटक रेघांमधलं अंतर पोलादी पट्टीनं मोजा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवायचा, तो आपोआप लहान करतो.

जुना_नौसैनिक
दीवला खुकरी स्मारकात काचेच्या पेटीत तिचं मॉडेल आहे. जमलं तर बघून या. डेकवरच्या मांडणीसाठी उपयोग होईल.

दर्यावर्दी
मांडणीसाठी ठीक, मापासाठी नको. मापाला आराखडाच. ब्रिटिश आराखडे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मोठ्या संख्येनं आहेत, पैसे भरून प्रती मिळतात, पण डिसेंबरच्या आत नाही जमणार. एक मात्र करा, ब्रिटिश ब्लॅकवूडचे फोटो वापरताना फोटोचं साल बघा. नंतर त्यांच्यात बदल झालेत, काहींची बोफोर्स कमी केली.

मागवाला
मी जहाजातला नाही, आमचा टॉवेलचा कारखाना. पण फोटो बघितला, डोलकाठीपासून तारा दिसतात की ओ. त्याला साधा शिवणाचा दोरा लावू नका. सुती दोऱ्याला लव असते, भिंगाशिवायसुद्धा केसाळ दिसतो, आणि पावसाळ्यात सैल-ताठ होतो. पॉलिस्टर फिलामेंट घ्या, त्यातली एकच तार सोडवायची. केसाहून बारीक निघते. दोन टोकं चिकटवून झाली की पेटत्या उदबत्तीचं टोक लांबूनच फिरवायचं, तार आपोआप ताठ होते. फार जवळ नेली तर तुटते. आमच्याकडं कांडीवर उरलेलं फेकूनच देतात, पाहिजे तेवढं घेऊन जा.

गुराबवाला
गुराबेला मात्र सुतीच दोर लागेल, पीळ दिसायला हवा. बारीक पिळाचा मिळेल का तुमच्याकडे?

मागवाला
मिळतो की. किती नंबरचं सूत पाहिजे ते सांगा.

सोलापुरी_जहाज
कागदावर छापून मोजलं. तुटक रेघांमध्ये 95.2 सेमी, टोकापासून टोकापर्यंत 98.4. पुढची फ्रेम कागदावर ठेवली, डेकच्या रेघेला बरोबर लागते. मागचीही लागते. खाचा 3 मिमीवर आणल्यात. उद्या सकाळी लेझरला देतो.

रेघोट्या, मनापासून आभार. मागवाला, परवा अक्कलकोट रोडलाच येणार आहे, तुमचा कारखाना तिथे असेल तर जाता जाता फिलामेंट घेईन. काळ्यापेक्षा राखाडी मिळालं तर बरं.

मागवाला
राखाडी नाही, पांढरं आहे. रंगवायला लागेल. चार वाजायच्या आत या, नंतर पाळी सुटते.