मदत हवी आहे: माझ्या हातून मुलीचा मासा मेला आणि तिला मी खोटं सांगितलंय

नमस्कार. विषय वाचून हसू आलं तर हसा, यांनाही आधी हसूच आलं होतं.

आम्ही इंदूरचे, रामबागेजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिची गोल्डफिश माझ्यावर सोपवून गेली. नाव जिलबी. रंग तसा, आणि आणली त्या रविवारी घरात पोहे-जिलबी होती म्हणून. मला मासे-बिसे काही कळत नाही, आमच्याकडे खातही नाहीत. पण सकाळी दाण्यांच्या डबीचं झाकण टक् वाजलं की ही काचेला तोंड लावून हजर. चहा गाळायच्या आधी तिला चिमूटभर दाणे, असं ठरूनच गेलं होतं.

मागच्या पंधरवड्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बायका येणार, आणि टाकीच्या काचेवर हिरवट थर! इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं यायला लागलं, आमच्या घरात हा रोग त्याच्याही आधीचा. जिलबीला पातेल्यात काढलं, सगळं पाणी ओतून दिलं, खडे तांदळासारखे चोळून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून लख्ख केला. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, त्या दिवशी पाळी होती. त्याच धारेखाली टाकी भरली. पाण्याला औषधाचा वास येत होता. मला उलट बरं वाटलं, म्हटलं आज पाणी चांगलं शुद्ध आलंय.

संध्याकाळी बायका आंबेडाळ खात टाकीचं कौतुक करत होत्या आणि ती सारखी वर येऊन तोंड उघडत-मिटत होती. एक जण म्हणाली, "बघा, बोलतेय आपल्याशी." मीही हसले. सकाळी तरंगत होती. कल्ल्यांपाशी लालभडक.

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातल्या मुलाने एवढंच विचारलं, "आंटी, पूरा पानी बदल दिया क्या?" मग त्याने सांगितलं ते असं: नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने माशाचे कल्ले जळतात. एका वेळी फार तर पाव टाकी पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं, नाहीतर क्लोरीन मारायचे थेंब घालून. आणि स्पंज नळाखाली धुवायचाच नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता खळबळायचा. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात. मी त्यांना घाण समजून मोरीत सोडलं होतं.

आता खरं दुखणं. त्या रात्री मुलीचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वय झालं होतं गं तिचं." ती रडली, आणि मग मलाच समजावायला लागली, "आई, तू किती केलंस तिचं." तेव्हापासून हे वाक्य मला झोपू देत नाही. नंतर वाचलं, नीट ठेवली तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगते. जिलबी चारच वर्षांची होती. मुलगी हे कधीतरी वाचेलच ना?

हे म्हणतात, माणसं जातात, तू माशाचं काय घेऊन बसलीस. पण मोगऱ्याच्या कुंडीत तिला पुरली यांनीच, रात्री, शेजारच्यांचे दिवे गेल्यावर. टाकीची मोटर अजून चालू आहे. मी बंद केली नाही, आणि यांनीही नाही.

मुलगी येत्या शनिवारी येतेय. फोनवर आधी सांगून मोकळी होऊ, की समोर बसवून सांगू? फोनवर सांगितलं तर प्रवासभर मनात घेऊन येईल. समोर सांगितलं तर पुन्हा माझीच समजूत काढत बसेल, आणि ते मला नकोय. तिने रागवावं असं वाटतंय. कोणी आपल्या लेकरांना असं काही सांगितलं असेल तर सुरुवात कशी केली ते लिहा.

आणि ज्यांच्या हातून असं झालंय त्यांनी सकाळचं काय केलं, तेही सांगा. डबी मी कपाटात वर ठेवली आहे, तरी चहा उकळताना हात तिकडे जातोच. "विसरून जा" हा सल्ला मात्र नको, तो घरात रोज मिळतोय.