आंधळगावला हातमाग पाहायला जायचे आहे. केव्हा आणि कसे जावे?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. माझी मुलगी वस्त्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात सासूबाईंची करवती काठाची (करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीच्या) कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी उन्हे दाखवायला काढली होती. काठाचा लाल रंग उलट्या बाजूनेही इतका नेमका कसा थांबतो, त्याचा एकही धागा साडीच्या अंगात, म्हणजे मधल्या भागात, कसा शिरत नाही, असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. लहानपणी गोळीबार चौकाजवळ मावशीकडे जाताना गल्लीभर मागांची खटखट ऐकू येत असे, पण तेव्हा डोकावून पाहावे असे कधी वाटले नाही.

भंडारा जिल्ह्यातील आंधळगावला अजून ही साडी हातमागावर विणली जाते, म्हणून आम्ही दोघी तिकडे जाण्याचा विचार करीत आहोत. मनात संकोच मात्र आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यात सहलीबरोबर विणकरांचे गाव पाहिले होते. आम्ही वीस-पंचवीस जण एका घरात शिरलो, विणकराने माग थांबवून आमच्या छायाचित्रांसाठी धोटा (आडवा धागा नेणारे साधन) हातात धरला आणि दहा मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. तो मनुष्य एक शब्दही बोलला नव्हता. पुन्हा तसे करायचे नाही. ओळखपाळख नसताना कोणाच्या घरी कसे जावे? साडी घेतलीच पाहिजे का?

उत्तर (तांडापेठ)

ताई, माझे वडील आयुष्यभर मागावर बसले, त्यामुळे आपला संकोच मला योग्य वाटतो. विणकराला मजुरी नगावर, म्हणजे विणलेल्या साडीमागे, मिळते. तो थांबला की त्याची कमाई थांबते, आणि पाहुण्यांनी घेतलेला अर्धा तास त्याला रात्री दिव्याखाली भरून काढावा लागतो. म्हणून चार घरे पाहण्याऐवजी एकाच घरी जा, आधी कोणाकरवी निरोप पाठवा आणि माग चालू असतानाच बाजूला बसा. बोलणे विणकराच्या सोयीने होऊ द्या. निघताना वेळेचे पैसे द्यायचे असतील तर संकोच न करता विचारून द्या. त्यात अपमान नाही.

आता आपल्या मुलीचा प्रश्न. करवती साडीला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठापर्यंत येतो, तिथे काठाच्या बाण्याला वेढा घालतो आणि मागे फिरतो. काठाचा धागाही तसाच आपल्या हद्दीतून परततो. हे वळण प्रत्येक ओळीत ठरावीक धाग्यांनी पुढेमागे सरकवत नेले की करवतीचे दाते उमटतात. म्हणूनच काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. यंत्रावर काढलेल्या नकली करवतीत बहुधा मागच्या बाजूला सुटे, लोंबते धागे सापडतात. मुलीला सांगा, विणकराच्या हाताकडे पाहण्याआधी त्या सांध्याकडे पाहा. एक ओळ चुकली तर दाता बोथट होतो आणि तिथवर उसवावे लागते. वडील अशा वेळी कोणाशीही बोलत नसत, आम्हा मुलांशीसुद्धा.

आणखी एक सांगतो. मागावरची साडी आवडली तर लगेच भाव विचारू नका. पुष्कळ घरांत सूत व्यापाऱ्याने दिलेले असते आणि तयार नगही त्याच्याकडेच जातो, त्यामुळे ती साडी विकण्याचा हक्क विणकराला नसतो. नाही म्हणताना त्यालाच वाईट वाटते. घरातील बाईंशीही अवश्य बोला. कांड्या (धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या नळ्या) त्या भरतात, तुटलेला ताणा (उभा धागा) जोडायला त्याच धावून येतात, पण मजुरी नगाची म्हणून एकाच नावावर लिहिली जाते. माझ्या आईचे कष्ट कोणत्याही हिशेबात आले नाहीत.

उत्तर (भंडारा)

वरील उत्तराशी पूर्णपणे सहमत आहे. फक्त कोशाबद्दल थोडे जोडतो, कारण मागाकडे पाहताना त्याच्या आधीचे कष्ट सुटून जातात. कोशाचा रेशीमकिडा तुतीवर वाढत नाही. तो ऐन आणि अर्जुन या झाडांवर, उघड्या रानात वाढतो. आपल्याकडे भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागांत ढीवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात आणि पक्षी, मुंग्या यांच्यापासून अळ्या राखण्यासाठी दिवस-दिवस झाडांखाली राहतात. या किड्याचा कोसा (कोश) टणक असतो, तो सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही. पूर्वी बाया मांडीवर घासून हा धागा काढीत आणि त्यांची कातडी सोलवटून निघे. अलीकडे त्यासाठी ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आले आहे. साडीच्या अंगाला जो मधासारखा रंग दिसतो, तो धाग्याचा मूळचा रंग आहे. हा धागा रंग सहज धरीत नाही, म्हणून पूर्वीपासून अंग तसेच ठेवून काठ रंगीत करण्याची रीत पडली असावी, असे मला वाटते.

या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही घेताना सिल्क मार्क आणि हातमागाची खूण या दोन्ही पाहाव्यात, कारण पहिली फक्त रेशमाची खात्री देते, मागाची नाही.

रस्ता सोपा आहे. नागपूरहून भंडारा साधारण साठ किलोमीटर, तिथून तुमसरकडे जाताना मोहाडी लागते, आणि आंधळगाव मोहाडी तालुक्यातच आहे. सकाळी लवकर निघा.

पुन्हा प्रश्नकर्ती

दादा आणि काका, मनापासून आभार. परवा जाऊन आलो. भंडाऱ्यातील एका ओळखीच्या शिक्षिकेने निरोप दिला होता. आम्ही एकाच घरी तीन तास बसलो. पहिला तासभर कोणी फारसे बोलले नाही, मग त्या घरातील आजींनी मुलीला कांडी भरायला बसवले. तिच्याकडून धागा दोनदा तुटला. आजींनी दोन्ही टोके बोटांत धरून क्षणात अशी गाठ दिली की नंतर ती आम्हाला शोधूनही सापडेना. सांधाही जवळून पाहिला. विणणारे काका प्रत्येक वळणावर ओठांतल्या ओठांत धागे मोजत होते.

मागावरची साडी व्यापाऱ्याचीच होती. आम्ही सुताचे पैसे आगाऊ देऊन सासूबाईंच्या साडीसारखाच काठ सांगितला आहे. नमुना म्हणून जुनी साडी पुढच्या खेपेस घेऊन यायला सांगितले आहे, तेव्हा मुलीच्या परीक्षेनंतर पुन्हा जाऊ.