जावात सहा वर्षं झाली, आता गो की रस्ट?

अर्धविराम:
जावा आणि तिच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर सहा वर्षं काम चालू आहे, सगळं पेमेंटच्या बाजूचं. आता दुसरी भाषा हाती घ्यायची आहे, रोज तासभर देता येईल. मनात गो आणि रस्ट. नव्या भाषेने विचार करायची पद्धत खरंच बदलते की नुसता सिंटॅक्स? आणि नोकरी बदलताना त्याला कोणी विचारतं का? 'सगळंच थोडं थोडं शिका' हा सल्ला कृपया नको.

मालकीहक्क:
दोघींना एका तागडीत घालू नका. गो मुद्दाम छोटी ठेवलेली भाषा आहे; जेनेरिक्ससुद्धा (एकच कोड वेगवेगळ्या टाइपसाठी वापरायची सोय) २०२२ साली, १.१८ मध्ये आले. जावावाल्याला ती दोन-तीन आठवड्यांत कामापुरती येते आणि म्हणूनच डोक्याला फारसा ताण देत नाही.

रस्ट देते. व्हेक्टर (रस्टमधली लिस्ट) एखाद्या फंक्शनच्या हवाली केला की मालकी तिकडे गेली. पुढच्या ओळीत तोच व्हेक्टर छापायला गेलात की कंपायलर ई०३८२ ही चूक दाखवून अडवतो. जावात हे बिनबोभाट चालतं, कारण दोघांकडे एकाच लिस्टचा रेफरन्स असतो. पलीकडच्याने त्यातून दोन नोंदी उडवल्या तर कळतं थेट प्रॉडक्शनमध्ये.

नवशिके इथे जागोजागी क्लोन (पूर्ण प्रत) लावून मोकळे होतात. चूक जाते, पण शिकायचं तेच राहून जातं. क्लोन लावण्याआधी विचारा, त्या फंक्शनला नुसतं वाचायचंय का? मग मालकी न सोडता उसनं द्या. बदलायचंय? मग बदलण्यासाठी उसनं द्या, पण तेवढ्या वेळात ते दुसऱ्या कोणाकडेही असता कामा नये. ही सवय जावात परत आणता येते. जावातल्या रेकॉर्डचं (फक्त डेटा धरणाऱ्या छोट्या क्लासचं) फील्ड फायनल असतं, आतली लिस्ट मात्र कोणीही बदलू शकतो. म्हणून रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्येच लिस्ट डॉट कॉपीऑफ (न बदलणारी प्रत) लावा.

आणि रस्टमधला पहिलाच प्रोजेक्ट म्हणून डबली लिंक्ड लिस्ट घेऊ नका, आरसी-रेफसेलच्या (एकाच गोष्टीची मालकी अनेकांत वाटणाऱ्या प्रकारांच्या) जंजाळात अडकाल. लॉग फाइल वाचून कोणती चूक किती वेळा आली ते मोजणारं कमांड लाइनवरचं टूल पुरे.

टेबलस्कॅन:
वरच्यांना +१, पण पेमेंटवाल्याला त्यासाठी रस्टपर्यंत जायची गरज नाही. विचार बदलणारी भाषा रोज समोर असते, डेटाबेसशी बोलायची एसक्यूएल. आपण तिला जेपीएच्या (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवायच्या प्रमाण पद्धतीच्या) आड लपवून ठेवतो, इतकंच. १०० ऑर्डर आणल्या आणि लूपमध्ये प्रत्येकीचे आयटम मागितले, की लेझी लोडिंगमुळे (मागितल्यावरच आणायच्या पद्धतीमुळे) १ + १०० क्वेरी जातात. लूपच्या सवयीत वाढलेल्याला यात काही खटकतच नाही.

मग कोणीतरी जॉइन फेच (ऑर्डर आणि आयटम एकाच क्वेरीत आणणं) लावतो, पेजिंग (पानापानाने, समजा २०-२० ऑर्डर आणणं) तसंच ठेवून. आता हायबरनेट (जेपीए प्रत्यक्षात चालवणारी लायब्ररी) लिमिट डेटाबेसला पाठवतच नाही. सगळ्या ओळी मेमरीत ओढतं आणि तिथे पान कापतं. कारण जॉइननंतर एका ऑर्डरच्या अनेक ओळी होतात, त्यामुळे २० ओळी म्हणजे २० ऑर्डर राहत नाहीत. लॉगमध्ये इशारा येतो, वाचतो कोण! उपाय असा, की आधी त्या पानाचे २० आयडी आणा, मग तेवढ्याच आयडींवर जॉइन फेच करा. नाहीतर बॅच साइझ ५० (एका क्वेरीत ५० ऑर्डरचे आयटम) ठेवा, १०१ च्या ३ क्वेरी होतात.

नोटीसपिरियड:
नोकरीचं सांगतो. सहा वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला किती भाषा येतात यापेक्षा एक किती खोल येते हे जास्त तपासतात. उदाहरणार्थ, 'जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी चालवता येणारे हलके थ्रेड) चालू केले तर काय होईल?' 'वेग वाढेल' म्हणालात की मुलाखत तिथेच संपली. टॉमकॅट या वेब सर्व्हरची २०० थ्रेडची डीफॉल्ट मर्यादा सुटते खरी, पण सगळ्या रिक्वेस्ट जाऊन धडकतात हिकारी या कनेक्शन पूलच्या डीफॉल्ट १० डेटाबेस कनेक्शनवर. ३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही की एक्सेप्शन. रांग दारातून उठून माजघरात आली, एवढंच. शिवाय सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या) आयओसाठी, म्हणजे नेटवर्क-डिस्कसाठी, थांबलात तर २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून बसतो. ते जावा २४ मध्ये सुटलं. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर तिथे रीएंट्रंटलॉक हे कुलूप वापरा.

प्लॅटफॉर्मच्या (बाकीच्या टीमचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेच्या) कामाकडे वळायचं असेल तर मात्र गो घ्याच. कंटेनर चालवणारे डॉकर, कुबरनेटिस दोन्ही त्यातच लिहिलेत. शिकताना टाइमआउटचा नमुना हाताने लिहून बघा. गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) बिनबफरच्या चॅनेलवर (गोरूटीनमधल्या निरोपाच्या वाटेवर) उत्तर पाठवतं, वाचणारा वेळ संपली म्हणून केव्हाच निघून गेलेला असतो, आणि पाठवणारं कायमचं लटकतं. चॅनेलला १ चा बफर दिला की सुटतं.

अर्धविराम:
सगळ्यांचे आभार. आधी एसक्यूएल, मग रस्ट असं ठरवतो. पण आमच्याकडे अजून जावा १७ आहे, २१ ला परवानगी नाही.

मालकीहक्क:
१७ मध्येही पुष्कळ आहे. रेकॉर्ड आणि सील्ड इंटरफेस (ठरावीक क्लासनाच वापरता येणारा) दोन्ही त्यात पक्के झालेले आहेत. पेमेंटची स्थिती स्ट्रिंगमध्ये ठेवण्याऐवजी एका सील्ड इंटरफेसखाली तीन रेकॉर्ड करा: प्रलंबित, यशस्वी, अयशस्वी. बँकेचा संदर्भ क्रमांक फक्त 'यशस्वी'कडे, कारण फक्त 'अयशस्वी'कडे. निम्म्या नल-तपासण्या आपोआप गळतात. स्विचमध्ये सगळे प्रकार आलेत का हे कंपायलरकडून तपासून घ्यायची सोय १७ मध्ये प्रीव्ह्यूच (चाचणीपुरती) आहे, २१ मध्ये पक्की झाली. तोवर ते काम इंटरफेसवरच्या मेथडकडे द्या. उद्या 'परतावा' हा चौथा प्रकार आला तर ती मेथड लिहिल्याशिवाय कोड कंपाइलच होणार नाही.